दोन किलो साखर

मेश्राम भाऊ, तुमच्या पुण्यानुमोदनाला मी पांढरी साडी नेसून आले होते, पण आले होते भांडायला. तुम्ही फोटोत होतात. अंगात तोच चौकड्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लॅबमध्ये कुणाची चूक सापडली की तुमचा हात लाल पेनाकडे जायचा. माझ्या बाबतीत त्या लाल पेनाची मी सहा वर्षं वाट पाहिली आणि तुम्ही त्याचं टोपणसुद्धा काढलं नाही. आता हार घालून हसताय. हसा.

लोक म्हणतील, गेलेल्या माणसाशी कसलं वैर. पण माझं वैर तुम्ही जिवंत असतानाचं आहे, ते तुमच्याबरोबर कसं जाईल? तुम्ही सकाळी फिरून आलात, खुर्चीत बसलात आणि गेलात. ना दवाखाना, ना त्रास. तेवढंही तुम्ही मला दिलं नाही, की कुठेतरी पलंगाशी बसून तुम्हाला विचारावं, कावून केलं भाऊ असं?

आधी चांगलं सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी. काँक्रीटमधलं मला जे काही येतं ते सगळं तुम्ही शिकवलं. नेहरू नगरच्या पुढे हायवेला लागून असलेल्या त्या तयार काँक्रीटच्या प्लांटच्या लॅबमध्ये मी आले तेव्हा केमिस्ट्रीची डिग्री होती आणि अक्कल शून्य. पहिल्याच दिवशी मी म्हणाले की सिमेंट सुकायला किती वेळ लागतो. तुम्ही चष्मा काढलात.

"सुकते ते लुगडं. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होते. पाणी उडून गेलं तर ते मरते."

मग तुम्ही दोन स्टीलच्या वाट्या घेतल्यात. दोन्हींत सिमेंट कालवलंत, आणि एकीत चहाच्या डब्यातली चिमूटभर साखर टाकलीत. साधी वाटी संध्याकाळपर्यंत दगड झाली. साखरेच्या वाटीत तिसऱ्या दिवशीही माझं बोट आत जात होतं. तुम्ही सांगितलंत की पाणी लागलं की सिमेंटच्या दाण्याच्या अंगावर बारीक बारीक सुया फुटतात, त्या एकमेकींत अडकतात आणि माल घट्ट होतो. साखर दाण्याला जाऊन चिकटते आणि सुया फुटू देत नाही. आपण मालात टाकतो ते केमिकलही तेच करतं, उन्हाळ्यात माल रस्त्यातच आवळू नये म्हणून त्याला थांबवून धरतं. फरक एवढाच की ते मोजून टाकतात. आणि मोजलं की लिहितात.

ते लिहिणं म्हणजे तुमचा जीव. प्रत्येक ट्रकपुढे रजिस्टरमध्ये शेरा पाहिजेच. किती पाणी, किती केमिकल, हवा कशी, कोणी सांगितलं. मी एकदा शेऱ्यात लिहिलं, 'माल चांगला वाटतो'. तुम्ही लाल पेनाने ते खोडलंत आणि म्हणालात, ट्रकमध्ये जे पडलं ते लिहायचं. जे पडलं नाही ते नाही लिहायचं. तुला काय वाटते ते घरी जाऊन सांग. मला इतका राग आला होता तेव्हा. नंतर मी तेच वाक्य नव्या लोकांना ऐकवायला लागले, तुमच्याच आवाजात.

चार वर्षं मी तुमच्या हाताखाली काढली. तुम्ही रिटायर झालात की लॅब माझी, असं सगळे धरूनच चालले होते. मॅनेजर साहेबही. माझे बाबा स्टील प्लांटात खलाशी, म्हणजे हेल्पर, म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. ते शेजाऱ्यांना आधीच सांगत सुटले होते, आमची सुनंदा लॅबची इन्चार्ज होऊन राहिली म्हणून. त्यांना त्याचा काय आनंद होता, तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच घरी येऊन त्यांना सांगून गेला होतात.

मग मे महिना आला आणि मोहन नगरचा तो स्लॅब. मंगल कार्यालयाचा मोठा हॉल होता. सकाळी नऊलाच अंगाला चटके बसत होते. सहावा ट्रक निघेपर्यंत ऊन आणखी चढणार म्हणून त्याचं केमिकल मी थोडं वाढवलं, तुम्हाला विचारून वाढवलं, तुम्ही मान हलवलीत. रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात लिहिलं, गर्मी जास्त, केमिकल वाढवलं, इतकं. सही केली आणि क्यूबचे, म्हणजे चाचणीच्या ठोकळ्यांचे, साचे घेऊन साइटवर गेले. पाच ट्रक वेळेवर आले. सहावा, ड्रायव्हर चैतूचा, रेल्वे फाटकात अडकला. फाटकाचा दांडा तुटून आडवा झाला होता आणि दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली होती. दोन तासांनी ट्रक आला तेव्हा मी देवाला हात जोडले, की आत दगड नको निघू दे. माल पाहते तर काय, एकदम मऊ, जसा प्लांटवरून निघाला तसाच. भाऊ, मला माझ्या डोसचं इतकं कौतुक वाटलं! मिस्त्रीला म्हणाले, बघा, याला म्हणतात अंदाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने त्या कोपऱ्यावर पाय ठेवला आणि तो घोट्यापर्यंत आत गेला. बाकी स्लॅब टणक, आणि तो एक कोपरा शिऱ्यासारखा. तिसऱ्या दिवशीही तसाच. माझे क्यूबही साच्यातून निघेनात. कार्यालयाचा मालक तोडायला माणसं घेऊन आला. तेव्हा तुम्ही त्या स्लॅबच्या जिन्यात आडवे उभे राहिलात आणि म्हणालात, झोपला आहे तो, मेला नाही, याला हात लावायचा नाही. ओली पोती टाकायला लावलीत, दिवसातून चारदा स्वतः पाणी मारलंत. चौथ्या दिवशी संध्याकाळी माल आवळायला लागला. सात दिवसांच्या क्यूबचा आकडा लाजिरवाणा आला, अठ्ठावीस दिवसांचा पास, आणि छप्पन्न दिवसांचा बाकी सगळ्या ट्रकांपेक्षा जास्त. उशिरा फुटलेल्या सुया जास्त दाट विणल्या जातात, हेही तुम्हीच शिकवलं होतं. माझ्या मामेबहिणीचं लग्न त्याच हॉलमध्ये लागलं. मी मुद्दाम त्या कोपऱ्याखाली जाऊन उभी राहिले आणि वर बघत अक्षता टाकल्या.

स्लॅब वाचला, मी नाही वाचले. पाचव्या दिवशी साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. रजिस्टर उघडं होतं, शेऱ्यात माझं अक्षर. साहेबांनी विचारलं, डोस कोणी वाढवला? मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतात.

"साहेब, पोरगी नवीन आहे. हात सैल सुटला तिचा."

नवीन! चार वर्षं झाली होती मला. पुढच्या सोमवारी मला लॅबमधून काढून डिस्पॅचच्या खिडकीत बसवलं, ड्रायव्हरांच्या चलानांवर शिक्के मारायला. ड्रायव्हर मला शिरा मॅडम म्हणायला लागले. आधी माझ्या पाठीमागे, मग तोंडावर. "शिरा मॅडम, चलान दे दो." बाबांनी शेजाऱ्यांकडे जाणंच सोडलं. बाबा वारले तेव्हाही मी त्या खिडकीतच होते.

तुम्हाला वाटलं असेल मी गप्प बसले. मी गप्प बसणाऱ्यातली नाही. त्याच महिन्यात जेवणाच्या सुट्टीत तुमच्याच लॅबमध्ये येऊन मी ट्रायल लावली. तेच सिमेंट, तेच पाणी, तोच वाढवलेला डोस. दुसऱ्या दिवशी सकाळी नखसुद्धा उमटत नव्हतं. तो साचा मी तुमच्या टेबलावर आदळला आणि म्हणाले, भाऊ, एवढ्या डोसनं चार दिवस लागत नाहीत, मधे काहीतरी आणखी पडलं आहे. तुम्ही शांतपणे सांगितलंत की हे स्लॅगचं सिमेंट आहे, भट्टीच्या मळीचं, ते सावकाश जमते, आणि लॅबमधल्या पंख्याखालची हवा वेगळी, स्लॅबवरची वेगळी. सगळं खरं होतं. एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि त्या खऱ्याखऱ्या वाक्यांनी तुम्ही मला वेड्यात काढलंत. माझंच काहीतरी चुकलं असेल असं मला तीन वर्षं वाटत राहिलं. त्या सहाव्या ट्रकच्या मालाचा एक क्यूब उरला होता. तो मी डिस्पॅचच्या दाराला अडकण म्हणून लावला. तुम्ही रोज तिथून जायचात आणि त्याला पाय लागू नये म्हणून चक्क लांब टांग टाकायचात. मला वाटायचं, म्हातारपणी जपून चालतात.

तुम्ही रिटायर झालात त्याच्या दुसऱ्या वर्षी चैतू नोकरी सोडून गावी निघाला. हिशेबाचे कागद घ्यायला माझ्या खिडकीशी आला आणि कागद मिळाले तरी जाईना. मी म्हटलं, काय रे, काय झालं? तेव्हा मान खाली घालून बोलला.

"मेश्राम बाबू फोन म कहे रिहिस, दू किलो शक्कर डार दे. फाटक तीर के दुकान ले लेके मैं हर डारे रहेंव, मैडम."

दोन किलो साखर. तुम्ही फोनवर सांगितलीत, आणि फाटकाजवळच्या दुकानातून घेऊन त्याने ती ट्रकमध्ये टाकली. ट्रक वाचावा म्हणून सांगितलीत, हे मला कळतं. ट्रकच्या ड्रममध्ये माल दगड झाला असता तर चैतूची नोकरी गेली असती, हेही कळतं. पण माझं केमिकल आधीच वाढवलेलं होतं आणि त्यावर तुमची साखर. त्या घाईत आपण दोघांनी एकाच ट्रकला दोनदा झोपवलं. यात पाप कुणाचंच नव्हतं, भाऊ. ते पाप केबिनमध्ये झालं. माझं होतं ते रजिस्टरमध्ये होतं, तुमचं नव्हतं, आणि तुम्ही मूग गिळून बसलात. दुकानातली साखर टाकायला प्लांटमध्ये सक्त मनाई होती. तुमची दोन वर्षं उरली होती, आणि मेश्राम बाबूंचा माल कधी फसत नाही असं सगळीकडे नाव होतं. ते नाव तुम्ही माझ्या नावानं पुसून घेतलंत.

त्याच दिवशी मी सुट्टी टाकून पावर हाउसच्या मागे तुमच्या घरी आले. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. तुमच्या बायकोसमोर, शेजाऱ्यांसमोर तुमचं सगळं काढणार होते. तुम्ही ओसरीत बसला होतात, वाळला होतात. वहिनींनी चहा आणला. माझा कप माझ्यापुढे ठेवला, तुमचा तुमच्यापुढे, आणि तुम्ही म्हणालात, माझ्यात साखर नाही, मले चालत नाही.

आता खरं सांगते. त्या क्षणी माझा जीव थंड झाला. मनात म्हटलं, बरं झालं. धरलं ना साखरेनंच तुमाले? आता जन्मभर फिकं प्या. मी माझा गोड चहा तुमच्या डोळ्यांसमोर घोट घोट प्यायले, वर अजून अर्धा चमचा मागून घेतला. जुळवलेलं एकही वाक्य बोलले नाही. बोलायची गरजच वाटली नाही, माझं काम आजारानं केलं होतं. घरी येऊन मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. त्यानंतर कुठे लग्नाबिग्नात तुम्ही भेटलात आणि जिलेबीला नाही म्हणालात की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. अशी आहे मी. तुमच्यापासून काय लपवायचं आता.

म्हणून तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा माझं पित्त खवळलं. आजारानं थोडंथोडं उट्टं काढावं आणि मी बघत राहावं, असं चाललं होतं, आणि तुम्ही मधूनच उठून गेलात.

तर त्या दिवशी तुमच्या अंगणात मांडव होता. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. सगळे हात जोडून म्हणत होते, मीही म्हणत होते. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलू लागला. साहेब उठले. म्हणाले, मेश्रामजींच्या रजिस्टरमध्ये उभ्या नोकरीत एक चूक सापडली नाही. मला वाटतं ते एवढं बोलले नसते तर मीही काही बोलले नसते. मी उठले. माइक हातात घेतला.

"मोहन नगरच्या स्लॅबमध्ये दोन किलो साखर होती. मेश्राम भाऊंनी फोनवरून टाकायला सांगितली होती. शिरा मी नव्हता केला."

बस, एवढंच. माइक ठेवला आणि खाली बसले. मग मागून एक म्हातारा बोलला की आजच्या दिवशी तरी हे उकरून काढायचं नव्हतं. साहेब चप्पल शोधू लागले. माझ्या शेजारची बाई थोडी सरकून बसली. मला वाटलं होतं छातीवरचा धोंडा उतरेल. कशाचं काय, तो तिथेच होता.

जेवणं झाल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. मी तयारीनेच गेले, आता शिव्या पडणार म्हणून. त्यांनी मला पाटावर बसवलं, स्वतः समोर बसल्या.

"तुह्या भाऊले शुगर कधीच नव्हती, सुनंदा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरचे सगळे कागद साफ होते. त्या मे महिन्यात एके दिवशी तुम्ही घरी आलात आणि म्हणालात, आजपासून माझ्या चहात साखर टाकू नको. गोडाचं काहीच नको. त्यांनी कारण विचारलं तर म्हणालात, एका पोरीचं नुकसान झालं माह्यामुळं. वहिनी तुमच्यामागे लागल्या की जाऊन साहेबांना सांगा. तुम्ही म्हणायचात, उद्या. नातवाच्या वाढदिवसाचा केकही तुम्ही हातात घेऊन परत ठेवलात म्हणे. वहिनी म्हणाल्या की मीही गप्प बसली, माझंही चुकलं. आणि रडल्या.

मी नाही रडले. मी संतापले. अहो भाऊ, तुम्हाला हे कोणी सांगितलं होतं करायला? मी सांगितलं होतं? ती शिक्षा द्यायचा हक्क माझा होता. तुम्ही परस्पर स्वतःला शिक्षा ठोठावून घेतलीत, तीही घरात बसून, कुणाला न सांगता, आणि वर मी ती आजारपण समजून चघळत राहिले. माझा सूडसुद्धा तुम्ही तुमच्या हाताने उरकून टाकलात! तुम्ही फिका चहा प्यायल्याने माझी लॅब परत आली? बाबा शेजारी जाऊन बसले? त्यापेक्षा रोज पाव किलो पेढे खाल्ले असतेत आणि एक दिवस साहेबांच्या केबिनमध्ये येऊन चार शब्द बोलला असतात तर मी तुमच्या फोटोला आज हार घालून आले असते.

त्या दिवशी मी तुमच्या फोटोकडे न बघता निघाले. सकाळी साहेबांना फोन केला की मला जुनं रजिस्टर पाहिजे. ते म्हणाले, अब छोड़ो ना सुनंदा, आदमी चला गया. मी म्हटलं, माणूस गेला, शेरा राहिला आहे. त्यांनी मागच्या खोलीची चावी दिली. लॅबबद्दल बघू म्हणाले. त्यांचं बघू मला ठाऊक आहे, त्यामुळे मी त्यावर काही बोलले नाही.

गेटवर वहिनी उभ्या होत्या. पावर हाउसहून ऑटोने एकट्या आल्या होत्या, पांढऱ्या साडीत. म्हणाल्या, तू लिहिशील तेव्हा मी पाहिजे. आम्ही दोघींनी मिळून ते रजिस्टर शोधलं. पानं पिवळी पडली होती. सहावा ट्रक. माझं निळं अक्षर, गर्मी जास्त, केमिकल वाढवलं. शेजारी भरपूर कोरी जागा होती. मी लाल पेन काढलं, त्याच्यासाठीच नवीन विकत घेतलं होतं, आणि लिहिलं: फाटकात दोन तास अडकला. दोन किलो साखर टाकली. फोनवरून सांगितलं, मेश्राम यांनी. आजची तारीख घातली, खाली माझी सही केली. आता तो कागद टिकेल तोवर जो कोणी ते पान उघडेल त्याला तुम्ही तिथे सापडाल. ही शिक्षा माझी, मी दिलेली. ही तुम्हाला परस्पर उरकता येणार नाही.

वहिनींनी ते बोट ठेवून हळूहळू वाचलं. मग म्हणाल्या, आणखी एक ओळ लिही ना माय. त्यांनी साखर सोडली होती, तेही लिही.

मी पेन त्या ओळीखाली नेलं. जागा होती. लिहिता आलं असतं.

"नाही वहिनी. ते ट्रकमध्ये नव्हतं पडलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढलेली बाई, त्यांना ते वाक्य कुठून आलं हे लगेच कळलं असणार. त्यांनी मान हलवली, माझ्या हातातलं लाल पेन घेतलं आणि जिथे तुमची सही पाहिजे होती तिथे स्वतःची केली.

रजिस्टरमध्ये ते मी लिहिणार नाही, भाऊ. तुम्हीच सांगितलं होतं, बाकीचं घरी जाऊन सांगायचं. घरी आता कोणी नाही, म्हणून इथे लिहिलं आहे.